आंब्याच्या दोन बाजूंना: महूजवळच्या शेतावर पडलेल्या विजेचं प्रकरण

जूनचा शेवटचा रविवार. माळव्यात पहिला बरा पाऊस होऊन गेला होता आणि सोयाबीनच्या पेरण्या सुरू होत्या. इंदूरच्या एका मराठी वस्तीतलं भजनी मंडळ महूच्या पुढे, जानापावच्या बाजूला असलेल्या एका सदस्याच्या शेतावर दाल-बाफल्यांच्या, म्हणजे डाळ आणि आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, बेतासाठी गेलं होतं. अकरा बायका, चार पुरुष, दोन मुलं. शेतावर यजमानांचा सालदार आणि त्याची बायको होती. दुपारी पावणेतीनच्या सुमारास शेतातल्या जुन्या आंब्यावर वीज पडली. एक माणूस गेला, एक बाई मरणाच्या दारातून परत आली, चौघं जखमी झाली आणि बैलजोडी जागीच मेली.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. हे नेमकं कसं घडलं ते समजून घेण्यासाठी यजमानांनी मला नंतर शेतावर नेलं. कोण कुठे उभं होतं ते विचारून मी अंतरं टेपने मोजली, प्रत्येकाशी वेगवेगळं बोलले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वैद्यकीय बाजू समजून घेतली. दोन्ही घरांची संमती घेऊनच लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे बारीक तपशील बदलले आहेत.

सव्वादोन ते पावणेतीन

पहिला गडगडाट सव्वादोनला ऐकू आला, यावर सगळ्यांचं एकमत आहे. नैर्ऋत्येला आभाळ काळंनिळं झालं होतं, शेतावर मात्र ऊन होतं. यजमानांच्या दहा वर्षांच्या नातवाला शाळेत शिकवलेलं आठवलं आणि त्याने लखलखाट दिसल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजले. सव्वीस भरले. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज नऊएक किलोमीटरवर पडली होती. त्याने आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "लांब आहे रे अजून. बाफले निघू देत."

हा सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा क्षण आहे. वीज ढगातून थेट खालीच येते असं नाही. पावसाच्या पट्ट्याच्या बाहेर, दहा-दहा किलोमीटर पुढेसुद्धा ती जमिनीवर उतरते. गडगडाट फार तर पंधराएक किलोमीटरवरून ऐकू येतो. म्हणून गडगडाट कानावर पडला याचा अर्थच मुळी आपण तिच्या टप्प्यात आलो असा होतो. नातवाचा हिशोब बरोबर होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. नऊ किलोमीटर हे अंतर सुरक्षित नव्हतंच. गाड्या शंभर पावलांवर उभ्या होत्या, पत्र्याच्या शेडमागे पंपाची पक्की खोली होती, आणि हाताशी अर्धा तास होता.

कुणी बेफिकीर होतं असं मला म्हणायचं नाही. गोवऱ्यांच्या आरात बाफले अर्धे भाजले होते, डाळ उकळत होती, एकोणीस माणसांचं जेवण होतं. असं रांधणं सोडून उठायला आपल्याला संकट डोळ्यांसमोर दिसावं लागतं. एका तरुण सदस्याच्या मोबाईलवर दामिनी अ‍ॅप होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं हे अ‍ॅप आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर इशारा देतं. मोबाईल पिशवीत होता आणि पिशवी गाडीत.

दोन चाळीसला टपोरे थेंब सुरू झाले आणि मंडळी पांगली. चूल आंब्याखाली होती, म्हणून सहा बायका तिथेच राहिल्या. पेटी वाजवणाऱ्या काकू खोडाला जवळजवळ टेकून उभ्या होत्या. सात जण पत्र्याच्या शेडमध्ये गेले. ही शेड लोखंडी पाइपांवर उभी आणि तिन्ही बाजूंनी उघडी. गाडीत चौघं: दोन्ही मुलं, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक सून आणि एक आत्याबाई. खोडाच्या पलीकडच्या बाजूला बैल बांधलेले होते. गडगडाटाने ते बिथरले, म्हणून सालदार त्यांना चुचकारायला तिकडे गेला. तोही खोडापासून हातभर अंतरावर होता. चुलीच्या बाजूने तो कुणालाच दिसत नव्हता.

वरून काय आलं

पावसाळी ढगात पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठू लागतं. तिथे गारांचे मऊसर कण, बर्फाचे हलके स्फटिक आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब एकत्र असतात. वर चढणारी हवा हलके स्फटिक उचलून नेते, जड कण मागे राहतात, आणि या दोघांच्या टकरींत विद्युतभार वाटला जातो. स्फटिक धन भार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात, ऋण भार मधल्या आणि खालच्या थरात साचतो. मोसमी पाऊस एकदा जोर धरून संततधार लागला की विजा कमी होतात. पावसाआधीचे वादळी दिवस आणि पावसाच्या तोंडाशी येणारे दिवस जास्त धोक्याचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत माळव्यातला शेतकरी पेरणीसाठी रानात असतो.

ढगातला ऋण भार जमिनीकडे निघतो तो टप्प्याटप्प्याने. साधारण पन्नास मीटरची एक उडी, क्षणभर थांबा, पुन्हा उडी, वाटेत फाटे फोडत. खाली काय आहे याचा त्याच्यावर बराच वेळ काहीच परिणाम होत नाही. तो जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर आला की मात्र खालच्या उंच वस्तूंमधून, म्हणजे झाडाचा शेंडा, खांब, मोकळ्या रानात उभा माणूस यांमधून, धन भाराचे अंकुर वर निघू लागतात. त्यांतला एक खाली येणाऱ्या फाट्याला भिडतो आणि मार्ग जोडला जातो. मग जो प्रवाह वाहतो तो सर्वसाधारण विजेत ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो. त्या वाटेतली हवा क्षणात ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि स्फोटासारखी फैलावते. गडगडाट तो हाच. एका विजेत असे तीन-चार लोट एकामागून एक येतात, म्हणून ती लुकलुकल्यासारखी दिसते.

त्या शेतात आंबा सर्वात उंच होता. एवढंच कारण.

हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे. गाडीत बसलेल्या आत्याबाई पायाळू आहेत. पायाळू माणसावर वीज पडते, हा समज आपल्या घरांमध्ये अजून जिवंत आहे. आभाळ भरून आल्यावर त्यांच्या भावजयीने काळजीनेच सांगितलं, "तुम्ही आधी गाडीत बसा बाई." त्या गाडीत बसल्या आणि त्यामुळेच त्यांना इजा झाली नाही. नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणीतरी पुटपुटलं की पायाळू बाई बरोबर होती म्हणूनच वीज त्या शेतात आली. ते त्यांच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून त्या भजनाला आलेल्या नाहीत. जन्माच्या वेळी आधी डोकं आलं की पाय, याने शरीराच्या विद्युत गुणधर्मात तसूभर फरक पडत नाही. खाली येणारी वीज शेवटच्या शंभरेक मीटरपर्यंत झाडालाही ओळखत नाही, मग माणसाची जन्मकथा तिला कुठून कळणार? ही गोष्ट त्या घरात जाऊन समजावण्यात माझा जेवढा वेळ गेला, तेवढा बाकी कशातच गेला नसेल, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

गाडीने वाचवलं ते रबरी टायरांमुळे, असंही बरेच जण म्हणाले. ढगापासून दोन-चार किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला टायरची वीतभर जाडी काय अडवणार! गाडीचा पत्रा प्रवाह बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतो. काचा बंद असाव्यात, आतल्या धातूला हात लागू नये. उघडी जीप, ट्रॅक्टर किंवा दुचाकी यांत हे संरक्षण नाही. मोबाईलने वीज ओढली, हाही असाच एक प्रवाद. त्याला आधार नाही.

माणसांपर्यंत काय पोचलं

विजेने जखमी होणाऱ्या शंभर माणसांपैकी थेट डोक्यावर वीज पडते ती तीन ते पाच जणांच्या. निम्म्यांच्या आसपास लोकांना ती जमिनीतून लागते आणि एकतृतीयांशांना शेजारच्या उंच वस्तूवरून झेपावते. आंब्याखाली हे दोन्ही घडलं.

ओल्या झाडाच्या खोडातून प्रवाह उतरताना त्याला बराच विरोध होतो. खोडाशी माणूस उभा असला तर त्याच्या शरीरातून जाणं प्रवाहाला सोपं पडतं. मग तो खोड सोडून मधल्या हवेतून त्याच्यावर झेप घेतो. पेटीवाल्या काकूंच्या खांद्याच्या उंचीपासून खाली आंब्याची साल उभी सोलून निघालेली मी पाहिली. दुसऱ्या बाजूला, सालदार होता तिथेही, तशीच एक चीर होती.

बाकीच्यांना मिळालं ते जमिनीतून. प्रवाह खोडाच्या बुंध्याशी जमिनीत शिरला की चहूकडे पसरतो, आणि जसजसं लांब जावं तसतसा जमिनीचा विद्युतदाब उतरत जातो. दोन पाय दोन वेगळ्या अंतरांवर असतील तर त्यांच्यामध्ये दाबाचा फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. मी ३०,००० अँपिअर प्रवाह आणि जमिनीचा विशिष्ट रोध, म्हणजे ती प्रवाहाला किती अडवते त्याचं माप, १०० ओहम-मीटर धरून हिशोब केला. खोडापासून पाच मीटरवर पाय जुळवून उभ्या माणसाच्या दोन पायांत दोन हजार व्होल्टपेक्षा थोडा कमी फरक येतो. अर्धा मीटर फाकवून उभा असेल तर पावणेनऊ हजारांच्या घरात. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर धरलं तर बावीस हजार, आणि बैलाच्या बाबतीत तो प्रवाह छातीतून, हृदयावरूनच जातो. त्याच अंतरावरच्या बायका वाचल्या आणि बैल मेले, याचं उत्तर या आकड्यांत आहे. माळव्यात काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. ओली माती प्रवाह वाहते, खडक अडवतो, म्हणून तो खोल न जाता आडवा पसरतो.

एका बाईच्या कानाचा पडदा फाटला. एकीचे दोन्ही पाय कमरेपासून लुळे पडले, निळे आणि गार झाले, घोट्याला नाडी लागेना. घरच्यांना वाटलं, पाय गेले. हा विजेचा ठरावीक परिणाम आहे. रक्तवाहिन्या आकसतात आणि काही तासांत सैलावतात. रात्रीपर्यंत त्यांचे पाय गरम झाले. तिसरीच्या पाठीवर नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी उमटली, ती दोन दिवसांत आपोआप गेली. चौथा जखमी शेडमधला. ताडपत्री बांधायला आंब्यापासून शेडच्या पाइपापर्यंत जाड तार ओढलेली होती आणि त्याने नेमका तोच पाइप धरला होता. तळहात भाजला, तो फेकला गेला. शेडमधल्या इतरांच्या पायांना नुसत्या मुंग्या आल्या. त्यांचं नशीब चांगलं होतं. उघडी शेड हा आसरा नव्हे.

पहिली अकरा मिनिटं

वीज पडल्यावर काही क्षण कुणालाच ऐकू येत नव्हतं. मग किंकाळ्या सुरू झाल्या आणि सगळे किंकाळणाऱ्यांकडे धावले. हे स्वाभाविक आहे, पण विजेच्या अपघातात उलटं करावं लागतं. इतर मोठ्या अपघातांत श्वास थांबलेल्यांना मागे ठेवून वाचण्याजोग्या जखमींकडे आधी पाहायला शिकवतात. वीज लागून जो ओरडतो आहे, हलतो आहे, तो बहुतेक वेळा जगणार असतो. जो गप्प पडला आहे, त्याला लगेच हात लावला तर तो जगू शकतो.

कारण असं. विजेचा धक्का हृदयाचे सगळे स्नायू एका क्षणात आकसवतो आणि हृदय थांबतं. हृदयाला स्वतःची लय असते, त्यामुळे पुष्कळदा ते आपणहून पुन्हा चालू होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मात्र जास्त वेळ बधिर राहतं. श्वास नाही म्हणून रक्तात प्राणवायू नाही, आणि त्यामुळे थोड्या वेळाने हृदय दुसऱ्यांदा थांबतं. ते परत उठणं फार कठीण. मधल्या काळात कुणी श्वास दिला तर माणूस वाचतो.

नर्सिंग शिकणाऱ्या सुनेला हे वर्गात सांगितलेलं आठवलं. ती गाडीतून उतरून ओरडणाऱ्या तिघींना ओलांडून सरळ काकूंकडे गेली. तोवर कुणीतरी काकूंच्या तोंडावर पदर ओढला होता. तिने तो बाजूला केला. श्वास नाही, मानेला नाडी नाही. तिने छाती दाबायला सुरुवात केली, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर तीस दाबांनंतर दोन श्वास. एकजण म्हणाला, हात लावू नकोस, अंगात करंट असेल. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात भार उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो.

शेजारच्या शेतातले दोघं धावत आले आणि काकूंना शेणात गाडायला सांगू लागले. शेण वीज शोषून घेतं असा तिकडे पक्का समज आहे. ते मदतीलाच आले होते आणि जीव तोडून सांगत होते. सून छाती दाबता दाबता त्यांना म्हणाली, "दादा, मला पाचच मिनिटं द्या, आणि कुणीतरी १०८ ला फोन लावा." त्यांनी ऐकलं, याचं मला फार मोल वाटतं. गाडण्यात गेलेली पाच मिनिटं म्हणजेच काकूंचा जीव होता.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला नाडी लागली. श्वास नव्हता. तिने छाती दाबणं थांबवून नुसते श्वास देणं चालू ठेवलं. जवळजवळ दहा मिनिटांनी काकूंनी पहिला खोल उसासा टाकला.

या वेळात यजमानांनी दोनदा माणसं मोजली. दोन्ही वेळा सतरा भरली, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

सालदाराची बायको विहिरीकडे गेलेली होती. ती परत आली आणि तिने विचारलं, "आमचे कुठे आहेत?" तेव्हा वीज पडून अकरा मिनिटं झाली होती. तो खोडामागे, मेलेल्या बैलांच्या मध्ये पालथा पडला होता. दोघा पुरुषांनी सुनेच्या सांगण्यावरून त्याची छाती दाबली, तिने श्वास दिले, रुग्णवाहिका येईपर्यंत कुणी थांबलं नाही. तो परतला नाही. शवविच्छेदनात खांद्यावर रुपयाएवढी भाजल्याची खूण सोडली तर बाहेरून काही सापडलं नाही. डॉक्टरांचं मत स्पष्ट आहे: दोघांची इजा एकाच प्रकारची होती, आणि काकूंना जी पहिली मिनिटं मिळाली ती त्याला मिळाली असती तर त्यालाही संधी होती.

मी त्या मंडळींना ओळखते. एकही माणूस कठोर नाही. सालदाराला त्याच चुलीवरचं पहिलं ताट वाढणार होते. तरीही मोजणीत तो आला नाही, कारण मोजली गेली ती इंदूरहून गाडीत बसून आलेली माणसं. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसं विजेने मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मध्य प्रदेश वारंवार सर्वात वर असतो, आणि त्या आकड्यांत बहुसंख्य शेतात राबणारी माणसं आहेत. या शेतावरही नेमकं तेच घडलं.

त्यानंतर

सालदाराच्या नातेवाइकांना त्याला लगेच घरी न्यायचं होतं. यजमानांनी थांबवलं ते बरं झालं. मध्य प्रदेशात वीज पडून मृत्यू झाल्यास महसूल नियमांनुसार कुटुंबाला चार लाख रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, मग प्रकरण तहसीलमध्ये जातं. कित्येक घरांत घाईने अंत्यसंस्कार होतात आणि ही मदत हातची जाते. या घराला ती मिळाली. यजमानांनी मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी वेगळी घेतली आहे.

काकू घरी आहेत. झोप लागत नाही, माणसांची नावं अडतात, एक गोष्ट धरून बसणं जमत नाही. विजेतून वाचलेल्यांमध्ये असे त्रास महिनोन्‌महिने राहतात. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून घरच्यांना ते चिडचिडेपण वाटतं. त्यांच्या मुलाला मी आणि डॉक्टरांनी हे बसवून सांगितलं. पेटीवर बोटं पूर्वीसारखी फिरतात, अंतऱ्याचे शब्द मात्र समोर लिहून ठेवावे लागतात.

यजमानांकडे एक विक्रेता आला होता. एका खांबावरचं उपकरण शंभर मीटर परिघातल्या सगळ्या माणसांचं रक्षण करतं, असा त्याचा दावा होता. मी ते घेऊ दिलं नाही. साधा तडितरक्षक, फ्रँकलिनने १७५० च्या दशकात सुचवला तसा, नीट जमिनीत उतरवला तर इमारतीला वाचवतो. भारताने स्वीकारलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक त्याचा हिशोब देतं. उघड्या रानात वाकून काम करणाऱ्या माणसाला कुठलाही खांब शंभर मीटरवरून वाचवत नाही. त्याच पैशांत पंपाची खोली वाढवून वीसेक माणसं मावतील अशी केली. पक्क्या भिंती, सिमेंटचा स्लॅब, दाराला आतून कडी. पंपाच्या तारा आणि नळ एका कोपऱ्यात घेतले, कारण गडगडाट चालू असताना त्यांनाही हात लावायचा नाही. छतावर तडितरक्षक बसवला. आंब्यापासून शेडला गेलेली तार काढून टाकली आणि चूल खोलीच्या भिंतीलगत नेली. पहिला गडगडाट ऐकू आला की रानातली माणसं आत येतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहतात. त्या अर्ध्या तासाची मजुरी कापली जात नाही. दाराशी हजेरीची वही टांगलेली आहे, आणि तिच्यात सकाळी शेतावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहिलं जातं.